पावासारखे थेंब

शास्त्राशी माझं काई वैर न्हाई. पोरं शिकावीत, हुशार व्हावीत, चंद्रावर जावीत, माझं काई म्हणणं न्हाई. पण त्या शास्त्रानं नेमकं माझ्याच मुळावर कावून उठावं, ते सांगा.

माझे अब्बा म्हंजे इसाक पेंटर. बीडात जुन्या दुकानांच्या ज्या हातानं रंगवलेल्या पाट्या अजून टिकून हायेत, त्यातल्या बऱ्याच त्यांच्या. फ्लेक्स आले, पाट्यांचा धंदा बसला, तवा अब्बा शाळांच्या भिंतींकडं वळले. पाढे, नकाशे, झाडं, पक्षी. अम्मी गेल्यापासून त्यांचं जेवण माझ्याकडं. मी हुस्ना, त्यांची एकुलती पोरगी. नवरा इरशाद फळांचा गाडा लावतो, आमचं घर अब्बाच्याच गल्लीत. म्हंजे लग्न होऊन गेले कुठंच न्हाई, तिथंच राहिले, आन् ह्या म्हाताऱ्याचा ताप डोक्यावर घेऊन बसले.

ताप असा की अब्बाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणले, पिकलाय, आता थांबू नका, लई पिकला तर डोळ्यात दाब वाढतो आन् मंग ऑपरेशन करूनबी उजेड येत न्हाई. मी रडले, भांडले, जेवायचं बंद केलं. अब्बाचं एकच, मला दिसतंय. हे म्हणता म्हणता चहा बशी सोडून चटईवर ओतायचे. त्यांची अम्मी, माझी दादी जैनबबी, तिचा एक डोळा जुन्या काळी ऑपरेशननंतर गेला. ती मरेपर्यंत राहिलेल्या डोळ्यानं लेकाकडं बघून सांगत राहिली, डोळ्याला कुणाला हात लावू देऊ नको. आता मशीननं करतात, गल्लीतल्या म्हाताऱ्या करून आल्या, सुईत दोरा ओवायला लागल्या. अब्बाला सांगून उपयोग शून्य. बोलून बोलून माझ्या तोंडाला फेस आला.

आन् हे बाहेर कुणाला सांगायची सोय न्हाई. इसाक पेंटरला दिसत न्हाई, असा नुसता शब्द फुटला तर त्यांना भिंत कोण देणार? मंग मीच त्यांना स्कूटीवर बसवून कामावर नेऊ लागले. ब्रश मला त्यांनीच शिकवलेला, लग्नाआधी मी त्यांच्यासोबत पाट्या रंगवायचे. अब्बा दुपारी नमाजला गेले, झाडाखाली जरा आडवे झाले, की मी उठायचे आन् त्यांचं वाकडं सरळ करायचे. हरणाला चौथा पाय लावायचा, नकाशातून बाहेर गेलेलं कोकण आत आणायचं. अब्बा उठून यायचे, भिंतीकडं तोंड करून म्हणायचे, झालं बघ झकास. मी म्हणायचे, हो अब्बा, झकास.

पाली गावच्या शाळेची भिंत आली ती सरपंच विठ्ठलरावांकडून. आपला दुष्काळी भाग, ते म्हणले, पाऊस निदान भिंतीवर तरी धो धो पाडा इसाकभाई. म्हंजे काळे ढग, मोर, छत्र्या घेतलेल्या पोरी, आन् सगळ्या भिंतीभर थेंब. ढग, मोर, पोरी, छत्र्या सगळं मी दुपारच्या दुपारी दुरुस्त केलं. थेंब अब्बानं शेवटी काढले. कॅलेंडरवर असतो तसा थेंब काढायचा, वर टोक, खाली गोल. पण टोक काढायला नजर लागते. अब्बाचा ब्रश भिंतीवर टेकायचा आन् तिथंच बसायचा. वर गोल, खाली चपटं. बेकरीतला पाव असतो ना, अगदी तसं. एक न्हाई, दोन न्हाई, ढगातून पावांच्या रांगा खाली येत होत्या.

मी ब्रश घेऊन उभी राहिले आन् मला वाटलं, राहू दे. हे एवढं न्हाई सुधारायचं. विठ्ठलराव बघतील, एकदा चार शब्द सुनावतील, अब्बाचं नाक जरा खाली होईल, आन् लाजेनं का होईना हा माणूस डॉक्टरकडं येईल. बाहेर बोभाटा व्हायचा न्हाई, कारण बाकीची भिंत तर छान होती. एवढाच माझा डाव.

डाव लागलाबी होता हो. गावातला एक जण दुसऱ्याला म्हणला, हा पाऊस हाय का बेकरी बे. पोरं हसली. विठ्ठलराव कपाळाला आठ्या घालून भिंतीपुढं उभे राहिले, आन् मी मनातल्या मनात म्हणले, या अल्लाह, आता बोलू दे ह्यांना. तेवढ्यात सायली मॅडम वर्गातून बाहेर आल्या. नवीनच आलत्या, कडा गावच्या, विज्ञान शिकवायच्या. त्या भिंतीपुढं उभ्या राहिल्या आन् तोंडावर हातच ठेवला त्यांनी. मंग अब्बाला म्हणल्या, काका, तुम्हाला हे कुणी सांगितलं?

पुढचं मॅडमनं सगळ्यांना बोलावून सांगितलं. टोकदार थेंब म्हणे आभाळातून पडतच न्हाई. नळाच्या तोंडाला लटकतो तेवढ्यापुरतं त्याला टोक. पावसाचा बारीक थेंब असतो गोल. आन् मोठा थेंब खाली येताना हवा त्याला खालून दाबते, बूड चपटं होतं, वरून गोल राहतो, हुबेहूब पाव. त्याहून मोठा झाला तर हवेतच फुटतो. सगळी चित्रं, सगळी कॅलेंडरं चूक काढतात, आन् पालीच्या भिंतीवर ह्या काकांनी बरोबर काढलाय.

सगळे अब्बाकडं बघायला लागले. अब्बानं गळ्यातला रुमाल सारखा केला आन् म्हणले, निरीक्षण हाय मॅडम.

मी कपाळाला हात लावला. करायला गेले गणपती आन् झाला मारुती, हिंदू बाया म्हणतात ते मला त्या दिवशी नीट समजलं. झापायला आलेल्या विठ्ठलरावांनी अब्बासोबत फोटो काढला. शाळेनं शाल दिली. फोटो गावोगाव फिरला, चकलांब्याच्या आमच्या एका पाहुण्यानं फोन करून विचारलं, इसाकमामू शास्त्रज्ञ कधी झाले? मॅडमनं माझ्या बापाला असं हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की खाली उतरायचं नावच न्हाई. मी डॉक्टरचं नाव काढलं की म्हणायचे, ज्या डोळ्याला पडत्या थेंबाचं बूड दिसतं त्याला तुझा डॉक्टर आणखी काय दाखवणार? इरशाद हसला. म्हणला, सासऱ्यांचा मुद्दा बिनतोड हाय. त्या रात्री मी त्याला कालचं शिळं वाढलं.

हसण्यावारी न्यायची गोष्ट न्हवती ती. अब्बा एकदा नालीत पडले, गुडघा फोडून आले. एकदा रस्त्यात ट्रॅक्टर अंगावर येईपर्यंत उभेच. डॉक्टरचं ते वाक्य माझ्या डोक्यात सारखं फिरायचं, मंग उजेड येत न्हाई. मी मॅडमला सांगायला निघायचे आन् परत फिरायचे. काय सांगू? तुमचं शास्त्र खरं हाय पण माझा बाप आंधळा हाय? मंग त्यांच्या पोटाचं काय? राग मॅडमचा यायचा, आन् मॅडमची तर काडीची चूक न्हवती, म्हणून आणखीनच राग यायचा.

श्रावणात मॅडमचा फोन आला. पोरांना थेंबाचं माप शिकवायचंय, काकांना पाहुणे म्हणून घेऊन या. अब्बानं शाल घेतली. पावसाळ्यात शाल.

पालीत पोचलो आन् पावसाचं टपटप सुरू झालं. मॅडमनं पोरांच्या हातात ताटं दिली, ताटात गव्हाचं कोरडं पीठ. पोरांनी पळत जाऊन ताट पावसात धरायचं आन् लगेच झाकून आत आणायचं. जिथं थेंब पडला तिथं पिठाची गोळी होते, मोठ्या थेंबाची मोठी, बारक्याची बारकी. एवढं पीठ बघून माझा जीव हळहळला, पण खरं सांगते, बघायला मजा आली. पिठात कुठं मोहरीएवढी, कुठं तुरीएवढी गोळी. पोरं ताटावर नाक टेकवून बघत होती.

मॅडमनं एक ताट अब्बापुढं ठेवलं आन् म्हणल्या, काका, ह्यातली सगळ्यात मोठी तुम्ही दाखवा.

सगळी पोरं भोवती जमली. अब्बा ताटावर वाकले. त्यांना काय दिसत असंल? पांढऱ्यावर पांढरं. त्यांनी हात पुढं केला, हळू, पिठावर बोटं फिरवली, जशी भिंतीवर फिरवतात तशी. एक गोळी बोटाला लागली, ती उचलली, फुटली. दुसरी उचलली, फुटली. ओल्या गोळ्या त्या, थोडं थांबल्याशिवाय घट्ट होत न्हाईत. तिसरी शोधताना एकाच वेळी दोन चिरडल्या. अब्बाची बोटं कणीक मळल्यासारखी झाली. एक बारकी पोरगी म्हणली, चाचा, मोठी तर ती हाय, तुमच्या हाताजवळच हाय की. अब्बानं हात हलवला आन् ती नेमकी हाताखाली गेली.

कुणी हसलं न्हाई. हसले असते तर बरं झालं असतं. मॅडमनं माझ्याकडं बघितलं आन् त्यांचा चेहरा उतरला. त्या घाईनं म्हणल्या, कच्च्या हायेत ना, सगळ्यांच्याच फुटतात, चला, दुसरं ताट बघू. अब्बानं शालीला बोटं पुसली. नव्या शालीला. म्हणले, हुस्ने, घरी चल.

बीडकडं येताना पाऊस बारीक झालता. मी स्कूटी हळू चालवत होते. अब्बा माझ्या खांद्याला धरून मागं बसलते, आन् धरलं होतं जरा जास्तच घट्ट. बिंदुसरेच्या धरणाजवळ आलो तवा मला म्हणले, पाऊस पडतोय का अजून?

मी म्हणले, पडतोय की अब्बा.

"अंगावर आला की कळतो मला," ते म्हणले. "दिसत न्हाई."

मी गाडी बाजूला घेतली. मागं वळून बघायची हिंमत झाली न्हाई. दोन वर्षं ज्या एका वाक्यासाठी भांडले ते आलं, आन् मला ते नको होतं.

"आन् तुझ्या भाकरीला," अब्बा म्हणले, "रंगात घालायच्या टर्पेंटाइनचा वास येतो. कवापासून येतो. मी गुमान खातो."

मला मंग असा राग आला की विचारू नका. म्हंजे माहीत होतं. मी चोरासारखी उन्हात उभी राहून हरणांचे पाय काढत होते, आन् ह्यांना सगळं माहीत होतं, आन् तरी शाल घेऊन फिरत होते. मी रस्त्याच्या कडेला मोठ्यानं रडले. एका टेम्पोवाल्यानं थांबून विचारलं, काय झालं ताई. अब्बाच म्हणले, काई न्हाई भाऊ, मोतीबिंदू हाय.

पुढच्या आठवड्यात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. ऑपरेशनला जाताना अब्बानं माझा हात असा दाबला की बांगडी फुटली. दादीचं नाव घेत होते. पट्टी निघाली तवा पहिल्यांदा खिडकीकडं बघितलं, मंग इरशादकडं, आन् म्हणले, जावई जाड झालेत. मी हसले आन् मंग बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले.

डॉक्टरनं बाहेर जायची परवानगी दिली त्या दिवशी अब्बानं पालीचा हट्ट धरला. शाळेला सुट्टी होती. भिंतीपुढं उभे राहिले, कमरेवर हात ठेवून.

"मोराची मान माझी न्हाई," ते म्हणले.

अब्बा पुढं सरकले.

"पोरींची तोंडं माझी न्हाईत. छत्रीची ही दांडी तर माझी न्हाईच. वाकडी हाय. घाई केलीस."

ते भिंतीच्या ह्या टोकाकडून त्या टोकाला गेले, एकेक वस्तू बाजूला काढत. ढग न्हाई. झाड न्हाई. मला वाटलं होतं तू थोडंबहुत सुधारत असशील, ते हळू म्हणले. कोपऱ्यात खाली नाव होतं, इसाक पेंटर, बीड. तिथं वाकून लई वेळ बघितलं.

"सही तरी माझी ठेवायची."

"तुमी ती शाळेच्या दारावर काढलती अब्बा," मी म्हणले. "मी पुसली, इथं मीच काढली."

अब्बा हळूच खाली पायरीवर बसले आन् वर थेंबांकडं बघत राहिले. ओळीनं पाव. भिंतीवर त्यांचं स्वतःचं तेवढंच राहिलं होतं. मला वाटलं, आता हा माणूस मोडला. मी डिकीतून ब्रश काढला, म्हणले, अब्बा, सांगा, तुमच्या मनासारखे टोकदार करते, एका दिवसाचं काम हाय.

"हात लावू नको त्यांना," अब्बा म्हणले. "ते बरोबर हायेत."

मंग ऑपरेशननंतरचा काळा चष्मा काढला, उजवा, केलेला डोळा हातानं झाकला, परत उघडला. असं दोन-चारदा केलं. विचारलं, दुसऱ्या डोळ्याची तारीख कवाची हाय?

मी म्हणले, तुमच्या डोळ्यांपायी माझं अर्धं आयुष्य गेलं, आन् आता तुमाला घाई झाली. तारीख डॉक्टरला विचारावी लागंल. अब्बा म्हणले, मंग विचार की, बसलीस कावून. आन् तोवर ती दांडी सरळ कर.