कोकिळाबाईंची सांडशी ढिली नव्हती

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी सांडशी आहे. चुलीवरचं किंवा गॅसवरचं तापलेलं भांडं काठाशी घट्ट धरून खाली उतरवायचं, हे माझं काम. दिसायला मी काळी आणि जराशी वाकडी आहे. पण आमच्या गावात माझ्यासारखी पकड दुसऱ्या कुठल्या सांडशीची नाही, हे मी नम्रपणा बाजूला ठेवून सांगते.

माझा जन्म गावाबाहेरच्या पालावर झाला. एका उन्हाळ्यात तिथे घिसाडी, म्हणजे गावोगाव फिरणारे लोहार, उतरले होते. गावातल्या रामरावांची बैलगाडी मोडीत निघाली होती, म्हणून त्यांनी चाकावरची लोखंडी पट्टी, म्हणजे धाव, घिसाड्यांकडे नेऊन दिली. त्या धावेची एक कुऱ्हाड झाली, विळे झाले आणि उरलेल्या तुकड्यातून मी झाले. भट्टीत आणि घणाखाली माझे काय हाल झाले ते विचारू नका. शेवटी माझ्या दोन पात्यांमधून खिळा ठोकला आणि मी रामरावांच्या नव्या नवरीच्या, म्हणजे कोकिळाबाईंच्या हातात आले. तो हात मला पहिल्या दिवशीच आवडला.

मग आमचे कामाचे दिवस सुरू झाले. कापूस वेचायला बाया आल्या की सगळ्यांचा चहा एकाच मोठ्या पातेल्यात व्हायचा. ते उकळतं पातेलं कोकिळाबाई एका हाताने, माझ्या जोरावर, अलगद उतरवायच्या. थेंब सांडायचा नाही. शेजारच्या हंसाबाई तोंडात बोट घालायच्या. "कोकिळे, तुहा हात हाय का गाडीचा जॅक?" असं म्हणायच्या. मला वाटायचं, कौतुक माझंच चाललंय. खरं तर ते आमच्या दोघींचं होतं.

अशी बरीच वर्षं गेली. मुलगा अमर मोठा झाला, त्याचं लग्न झालं, सुरभी नावाची गुणी सून घरात आली. आणि मग कोकिळाबाईंच्या हातून वस्तू पडायला लागल्या. आधी एक कप पडला. कप काय, कोणाच्याही हातून पडतो. मग तेलाची वाटी पडली. मग एक दिवस वरणाचं पातेलंच माझ्यासकट खाली आलं. सगळं घर धावलं. कोकिळाबाई ओट्याला धरून उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा इतका उतरला होता की मी मला लागलेला मार विसरले.

घर चांगलं आहे हो. कोणी एका शब्दाने बोललं नाही. रामरावांनी तर मला उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि जाहीर केलं, "मनाले कायले लावून घेतं? सांडशीच ढिली झाली हाय. आन इकडं, ठोकून देतो."

मी ढिली नव्हते, मित्रांनो. पण मला बोलता कुठे येतं? रामरावांनी मला अंगणातल्या दगडावर ठेवलं आणि माझ्या खिळ्यावर हातोडी हाणली. पुढच्या वेळी दुधाचं भांडं पडलं, तेव्हा पुन्हा हाणली. काहीही पडलं की खापर माझ्या डोक्यावर फुटायचं आणि हातोडी माझ्या खिळ्यावर पडायची. बायकोला वाईट वाटू नये म्हणून ते हे करत होते, हे मला कळत होतं. पण त्या ठोकाठोकीने मी इतकी आवळले गेले की मला उघडायलाच जोर लागायचा. ज्या हाताची ताकद कमी होत होती, त्याच हातात रोज जास्त कडक सांडशी येत होती.

कोकिळाबाईंनाही हे कळत होतं. पण त्या गप्प राहिल्या. हात चालत नाही असं कळलं, तर घरचे प्रेमानेच आपल्याला स्वयंपाकघराबाहेर काढतील आणि ओसरीतल्या खाटेवर बसवून ठेवतील, ही त्यांना भीती होती. गावातल्या दोन-तीन म्हाताऱ्यांचं असंच झालेलं त्यांनी पाहिलं होतं.

गेल्या दिवाळीच्या आगेमागे सुरभीने पुसदच्या बाजारातून नवी सांडशी आणली. हलकी, चकचकीत, लाल मुठींची. "आई, हे घ्या आता. जुनी देऊन टाकू भंगारात," ती म्हणाली. मला पुन्हा भट्टी दिसायला लागली.

दुसऱ्या दिवशी आमच्या शेतात सीतादही होतं. कापसाची पहिली वेचणी सुरू करायच्या आधी झाडाखाली दहीभाताचा नैवेद्य ठेवतात, त्याला सीतादही म्हणतात. ते दही आमच्या घरी दरवर्षी कोकिळाबाईच लावत. आदल्या संध्याकाळी त्यांनी दूध तापवलं आणि सवयीने मलाच उचललं. मला उघडतानाच त्यांची बोटं पांढरी पडली. कसंबसं पातेलं उचललं, आणि अर्ध्या वाटेत हात सुटला. पातेलं ओट्यावर कलंडलं. अर्धं दूध खाली वाहून गेलं. पायावर पडलं नाही, हे नशीब.

रामराव आत आले. "पाह्य, म्या म्हनलं होतं ना? सांडशीच…"

"अवो, बस झालं," कोकिळाबाई म्हणाल्या. "सांडशी ढिली नाही. तुमी ठोकू ठोकू तिले आवळली. ढिला माहा हात झाला हाय. सकाळी बोटं मिटत नाहीत मले. तिचा काय दोष? तिले भंगारात कायले देता?"

रामराव ओट्यावरचं दूध फडक्याने पुसायला लागले. मग हळूच म्हणाले, "मंग सांगितलं काहून नाही?"

"तुमी मले खाटेवर बसवसान म्हनून."

सुरभीने मला हातात घेतलं आणि उघडून पाहिलं. एकदा, दोनदा. मग सासऱ्यांकडे वळून म्हणाली, "बाबा, हे तं माह्यानंही उघडत नाही." सगळ्यांत आधी कोकिळाबाईच हसल्या. रामराव ओशाळून हातोडी आणि छन्नी घेऊन आले, त्यांनी माझा खिळा सैल केला आणि वर तेलाचे दोन थेंब सोडले. किती दिवसांनी मी मोकळी झाले.

उरलेलं दूध पुन्हा गॅसवर चढलं. उतरवताना कोकिळाबाईंनी मला दोन्ही हातांनी धरलं आणि समोरचा काठ सुरभीने फडक्याने. विरजण कोकिळाबाईंनीच लावलं. दही थोडं झालं, पण नैवेद्याला पुरलं. नंतर अमरने त्यांना पुसदला डॉक्टरकडे नेलं. आता रोज त्या कोमट पाण्यात बोटं शेकतात.

मी त्यांची फार ऋणी आहे. स्वतःचं दुखणं चारचौघांत सांगणं सोपं नसतं, आणि त्यांनी ते सांगितलं म्हणून मी आज या घरात आहे. त्या लाल मुठीवालीशीही माझं बरं जमतं, जरा मिरवते एवढंच.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणाच्या हातून काही पडलं तर आधी कोणाला भाजलं नाही ना ते पाहा. मग वस्तूला नावं ठेवून विषय मिटवू नका. त्या माणसाला विचारा, हात दुखतोय का, आणि उत्तर येईपर्यंत जवळ थांबा. आमची सुरभी आता रोज सकाळी विचारते, "आई, आज हात कसा हाय?" कोकिळाबाई कधी म्हणतात, "बरा हाय," आणि मला उचलतात. कधी म्हणतात, "आज नाही वं," आणि ओट्याजवळ बसून भाजी निवडतात. त्या दिवशी मी भिंतीवर टांगलेली असते, आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.