गोदीनं धरलेली मावशी

ममताची लाथ कानाच्या उंचीवर जायची. अख्ख्या जव्हारमध्ये एवढी लाथ कुणाचीच जात नव्हती, पोरांचीसुद्धा नाही, आणि ही गोष्ट ती दिवसातून निदान दोनदा कुणाला तरी ऐकवायचीच. नववीत होती, कमरेला नवाकोरा तपकिरी पट्टा होता, आणि घरात आरशासमोरून जाताना ती सरळ चालत म्हणून जायची नाही. आई म्हणायची, "अगं, कधीतरी दोन्ही पाय जमिनीवर टेक!"

कराटे शिकवायचे असलम सर. दिवसभर ते आपल्या दुकानात पत्र्याच्या पेट्या ठोकायचे, पण पहाटे सहाला शाळेच्या हॉलमध्ये पांढऱ्या कपड्यांत उभे राहिले की त्यांची नुसती नजर फिरली तरी बावीस पोरी चिडीचूप. दोन हजार दोनच्या जानेवारीत एका सोमवारी त्यांनी ममताला पुढे बोलावलं.

"मे महिन्यात ठाण्याला शिबिर आहे. कराटेवाल्यांनी जोडीला अजून एक प्रकार शिकायचा. तू जाणार. फॉर्मवर एकाच प्रकाराचं नाव लिहायचं, आणि पुढच्या शनिवारी फॉर्म टपालात पडला पाहिजे."

"तायक्वांदो!" ममता तिथल्या तिथे म्हणाली. हवेत उडून लाथ! दुसरं काय घ्यायचं असतं?

"थांब जरा. तू जे शिकून येशील तेच या सगळ्या पोरी शिकतील. दुसरं शिकवायला इथे येणार कोण? लाथ तर तुझ्याकडे आहेच. जे नाही ते शोध, बेटा."

ममताला राग आला. माझ्याकडे नाही असं आहेच काय?

रविवारी ती मोखाड्याजवळ मामाच्या गावी गेली. गोदी तिची मामेबहीण, एका वर्षानं मोठी, बुटकी, गालात हसणारी. खळ्यावर भाताचा पेंढा रचून ठेवला होता. मामा कडेला बसून दोर वळत होता. ममतानं लगेच कपडे झटकले आणि पवित्रा घेतला.

"बघ हां गोदी, नीट बघ. हिला म्हणतात मावाशी गेरी."

"कोणती मावशी?"

"मावशी नाही गं, मावाशी! जपानी नाव आहे. गोल फिरून येते."

"मग येऊ दे की तुझ्या मावशीला."

ममता ओरडली आणि लाथ फिरवली, कानाच्या उंचीवर, अगदी झोकात. गोदी शाळेच्या कबड्डी संघात कोपऱ्यावर खेळायची. समोर पाय आला की धरायचा, एवढंच तिच्या हातांना ठाऊक. तिनं घोटा धरला आणि ममता सपशेल आडवी. कोपर सोलवटलं. डोकं जमिनीवर आपटलं. श्वास कुठे गेला ते कळेना.

"बाबा, मावशी धरली!" गोदी ओरडली. मामा दोर टाकून हसत सुटला. मग गोदी वाकली आणि काळजीनं म्हणाली, "तू अशी कशी गं पडली? फणस पडल्यावानी?"

"पडले म्हणजे पडले! पडायची काय पद्धत असते?"

"असते तर! तुमचे सर पडाया शिकवत नाय?"

ममता कोपर चोळत उठून बसली. वर्गात पडणं म्हणजे हरणं. पडली की बाकीच्या पोरी टाळ्या पिटायच्या. पडायचं कसं, हे कुणी कुणाला विचारलंच नव्हतं.

गोदीनं लाकडांची मोळी डोक्यावर घेतली आणि घरामागच्या उतारावर चढली. येताना मुद्दाम पाय घसरवला. मोळी एका अंगाला फेकली, हनुवटी छातीला लावली, खांद्यावरून गोल फिरली, हाताचा पंजा मातीवर फाडकन आपटला आणि उभी! परकरावर नुसती धूळ.

"परत कर," ममता म्हणाली. आपलं कोपर ती विसरूनच गेली होती. "परत!" सहा वेळा बघितलं. प्रत्येक वेळी तिला वाटलं, एवढं देखणं आपण कधी काही केलेलंच नाही. "कुणी शिकवलं तुला?"

"कोण शिकवील? सात वर्षांची होते तवापासून मोळ्या आणते. मान आत घेतली नाय तर मोडंल की."

परतीच्या जीपमध्ये ममताला एकच गोष्ट दिसत होती. पाय धरला की आपलं सगळं संपतं. बावीसजणी मारायला शिकल्यात, पण कुणी धरलं, पाडलं, तर पुढे काय, हे एकीलाही माहीत नाही. आणि सर एकदा बोलता बोलता म्हणाले होते, ज्युडोत, म्हणजे धरून पाडायच्या खेळात, पहिले कित्येक दिवस नुसतं पडायलाच शिकवतात.

सोमवारी तिनं सांगितलं, "सर, ज्युडो."

सरांनी भुवई उचलली. "आणि उडती लाथ?"

"ती धरली सर. गोदीनं." आणि तिनं सगळं सांगून टाकलं, फणसासकट.

सर हसले, पण फॉर्म खिशातच राहिला. "ज्युडोला गाद्या लागतात. या फरशीवर पोरींना पाडू? शिकून येशील आणि शिकवणार कशावर? तायक्वांदोला काही लागत नाही."

"शनिवारपर्यंत थांबा सर. लिहू नका. प्लीज!"

शनिवारी पहिल्या जीपच्या टपावर पेंढ्याचे भारे होते आणि आत गोदी. दोघींनी हॉलमध्ये पेंढा अंथरला, वर ताडपत्री ताणून चारी बाजूंनी बांधली. गोदीनं चपला काढल्या आणि ती पडली. पुढे, मागे, कडेला. ताडपत्रीवर पंजा वाजला की हॉल घुमायचा. शबाना नावाची मुलगी सगळ्यांत भित्री, तीच आधी पुढे आली, पडली आणि हसतच उठली. मग रांगच लागली.

असलम सर बराच वेळ हाताची घडी घालून बघत होते. मग त्यांनी खिशातून फॉर्म काढला, भिंतीला टेकवून त्यावर "ज्युडो" लिहिलं आणि तो ममताच्या हातात दिला. स्वतः ताडपत्रीवर जाऊन उभे राहिले, काळा पट्टा, पन्नाशीचं वय, आणि मागे पडले. धप्पकन!



"सर, मान!" गोदी ओरडली. "मान बाहेर राहिली तुमची!"

सर उठले. कपड्यांना चिकटलेला पेंढा तसाच ठेवून गोदीसमोर कमरेत वाकले आणि कराटेत गुरूला म्हणतात तसं खणखणीत म्हणाले, "ओस!"

यावर काय म्हणायचं असतं ते गोदीला कुठे ठाऊक? तिनं ममताकडे बघितलं, मग सरांकडे.

"हां," ती म्हणाली, "परत पडा."