झेंड्याची घडी

"हे घडी होय का गुंता?" इंद्रभानभाऊंनी खाटेवरून विचारलं.

प्रयागबाईंनी मांडीवरचा निळा झेंडा पुन्हा उलगडला. आतल्या झेंडूच्या पाकळ्या ओसरीभर सांडल्या. "रोज पायजम्याचा नाडा बांधून देतो, तवा नाही म्हनत गुंता."

"नाडा सुटू नाही म्हनून बांधतेत. झेंडा सुटावा म्हनून. वरती गेला, दोरीले झटका देल्ला, का उलगडला पायजे. तू गाठच मारून राह्यली."

"सुटूच द्याचा हाय तं बांधता कायले?"

एरवी भाऊ खो खो हसले असते. आता हसू येत नव्हतं, रागही येत नव्हता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानात मोटर वाइंडिंग करता करता त्यांचा उजवा हात लकव्यानं गळून पडला होता. वाशिमच्या डॉक्टरांनी जीव वाचवला. पाय परत आला, बोलणं परत आलं. कोपराखालचा हात तेवढा आला नाही, त्याला स्पर्शही कळेना. डोळे मिटून तांब्याच्या तारेची जाडी सांगणारी ती बोटं आता अर्धी मिटून लटकत. दुकान पुतण्याला दिलं, त्या दिवशीही आत काही हललं नाही. दुसऱ्याच कुणाचं शटर खाली यावं, तसं ते बघत राहिले.

उरलं होतं ते शाळेतलं स्काउट पथक. अठ्ठावीस वर्षं दर शनिवारी दुकान बंद ठेवून भाऊ शिरपूरच्या शाळेत जात. पगार नाही, मानधन नाही. गेल्या आठवड्यात हेडमास्तर घरी आले, चहा प्यायले आणि जाताना हळूच म्हणाले, "सर, आता आराम करा ना."

"सात नोव्हेंबरचा, स्काउट दिनाचा झेंडा मी बांधीन," भाऊ म्हणाले होते. "जमला तं मी राह्यतो. नाही जमला तं शिट्टी खुशबूले."

खुशबू म्हणजे कापडवाल्या पूनमचंदची पोरगी. भाऊंच्याच हाताखाली शिकली, आता मुलींचं पथक तीच बघते.

आठ दिवस भाऊंनी दात लावून पाहिले, गुडघा दाबून पाहिला. गुंडाळी दर वेळी निसटली. आज सकाळी त्यांनी झेंडा बायकोच्या मांडीवर ठेवला होता.

पाचव्या वेळी प्रयागबाईंनी पाकळ्या ठेवल्या, घडी घातली, गुंडाळलं, दोरीचे दोन वेढे दिले आणि गाठ न मारता नुसता फास खोचला. भाऊंनी डाव्या हातानं दोरी ओढली. झेंडा फुलासारखा उघडला.

"घ्या! आता तरी पास करा."

"आखरी एकदा बांध."

त्यांनी बांधला, पिशवीत ठेवला. मग लेकराला शाळेत धाडावं तशा एकेक करून नवऱ्याच्या शर्टाच्या गुंड्या लावल्या, गळ्यात स्कार्फ घातला, शिट्टी अडकवली. "कोनाले सांगू नका बरं. कोनाले काय मालूम पडते?"

मैदानावर साठ पोरं नालाच्या आकारात उभी होती. गुंडाळी वर गेली. भाऊंनी डाव्या हातानं दोरीला झटका दिला. क्षणभर काहीच झालं नाही. मग झेंडा सुटला आणि पाकळ्या त्यांच्या अंगावर झरल्या.

"सॅल्यूट!" खुशबू ओरडली. साठ हात कपाळाशी गेले. भाऊंचा खालीच राहिला.

"वा सर!" हेडमास्तर म्हणाले. "हाताची सफाई अजून तीच!"

भिंतीजवळ उभ्या प्रयागबाईंनी पदरात तोंड लपवलं. किती तरी दिवसांनी त्या हसत होत्या.

पोरांनी नियम म्हणायला सुरुवात केली. पहिलाच होता, "स्काउट विश्वसनीय असतो." म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, हे भाऊंनीच शिकवलेलं. साठही जण त्यांच्याकडे बघत होते.

सगळे नियम संपेपर्यंत ते थांबले. मग म्हणाले, "झेंडा म्या नाही बांधला. माह्या बायकोनं बांधला."

कुणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं. भाऊंनी एका हातानं शिट्टीची दोरी गळ्यातून काढायला घेतली. ती कानाला अडकली. खुशबूचा हात मदतीला पुढे आला आणि मध्येच थांबला. ती वाट बघत राहिली. दोरी निघाली.

"सर, मागितली कोणी तुमाले?"

"मीच बोललो होतो बेटा. घे."

मग दोघांनी हात मिळवले. स्काउटमध्ये हात डावाच मिळवतात. पाहणाऱ्याला वाटावं, काहीच बदललं नाही.

फाटकाबाहेर प्रयागबाई फणकारल्या, "असंच कराचं होतं तं पाच पाच डाव बांधाले काहून लावला मले?"

"सुटाले पायजे होता ना व झेंडा. पोरं उभे होते."

चार पावलांनी त्या म्हणाल्या, "हातात काय हाय?"

"कोनत्या?"

त्यांनी खाली पाहिलं. उजव्या हाताच्या अर्ध्या मिटल्या बोटांत झेंडूची एक पाकळी होती.

भाऊ पुन्हा समोर बघून चालू लागले. सकाळचं ऊन पाठीवर होतं. पुढे रस्त्यावर दोन सावल्या पडल्या होत्या, आणि प्रयागबाईंनी तो हात आपल्या हातात घेतलाय, हे त्यांना सावलीवरून कळलं.