मी, प्राप्तीच्या पेशीतली पुनरुक्ती

मी डीएनएमधली एक पुनरुक्ती बोलतेय. माझं बोलणं तुम्हाला आवडणार नाही.

जी-ए-ए, जी-ए-ए, जी-ए-ए. एवढीच माझी अक्षरं. शास्त्रज्ञ मला वर्षानुवर्षं कचरा म्हणत आले. माझ्या भाऊबंद पुनरुक्त्या कुठे जनुकाचं काम वाढवतात, कुठे कमी करतात. तरी आम्ही कचराच. म्हणा!

मी एका जनुकाच्या पोटात राहते. पेशीला ऊर्जा मिळायला हवी म्हणून एक प्रथिन लागतं, ते या जनुकावरून बनतं. तुमच्यातही मी आहे, पण आखूड. मी फार लांबले की पेशी ती जागा गच्च गुंडाळून ठेवते, जनुक नीट वाचलं जात नाही आणि प्रथिन कमी पडतं.

उरणजवळ राहणाऱ्या नलू नावाच्या बाईमध्ये मी लांब होते. तिच्याकडून मुलगा विनेश याच्यात आले. दोघांचं काही बिघडलं नाही, कारण प्रत्येकाच्या जनुकाची दुसरी प्रत धड होती. विनेश कंटेनरचा ट्रेलर चालवत राहिला. त्याची बायको केसर रेवदंड्याची. तिच्यातही एक प्रत अशीच. कुणालाच पत्ता नव्हता.

त्यांच्या प्राप्तीला दोन्हीकडून मीच मिळाले.

दहावीत तिचे पाय अडखळू लागले, मग जीभ जड झाली. रिक्षात चढताना तोल गेला, तर रिक्षावाला खेकसला, "सकाळी सकाळी टाकून आलीस काय?" बाकीचे हसले. घरी नलू सुनेला रोज ऐकवायची, "तुझ्या म्हायेरची घाण हाय ही. आमच्यात असा कोण न्हाय." विनेश खाली मान घालून जेवायचा.

शेवटी मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी तिघांचं रक्त तपासलं. "एक आईकडून, एक वडिलांकडून," त्या म्हणाल्या. "एकीकडूनच आलं असतं, तर हिला हा आजार झाला नसता."

बाहेर येताच विनेश केसरला म्हणाला, "आयेला यातला काय सांगू नको."

घरात पाऊल टाकताच नलूने विचारलं, "म्हायेरचाच निघाला ना?"

विनेश चपला काढू लागला. केसरने त्याच्याकडे पाहिलं. तेवढ्यात प्राप्ती जड जिभेने, शब्द तोडत बोलली, "आजी, अर्धं... पप्पांचं हाय."

"आयशीनं शिकवलाय पोरीला!" नलू ओरडली.

"तुम्ही तरी बोला," केसर नवऱ्याला म्हणाली. तो बोलला नाही. केसरने त्याच दिवशी कपडे भरले आणि लेकीला घेऊन रेवदंडा गाठलं.

आता प्राप्ती भिंतीच्या आधाराने चालते. तिचं हृदयही थकू लागलंय. माझी पकड सैल करणारी औषधं शास्त्रज्ञ शोधताहेत. शोधू देत. मी आपणहून हलणार नाही. माझी कीव करू नका, पण तुमची भांडणंही माझ्या नावावर खपवू नका. मी फक्त जनुक बंद केलं. विनेशचं तोंड मी बंद केलेलं नव्हतं.

काल तो रेवदंड्याला आला होता. "प्राप्ती, धर," म्हणत त्याने हात पुढे केला.

तिने भिंतच धरली.