बिनसंगीताचं एक मिनिट

"हात जोडतो, नोल्वेन. फिल्मच्या शेवटी संगीत टाकू या. संगीताची आणि बिनसंगीताची, दोन्ही प्रती तयार आहेत, तुम्ही फक्त हो म्हणा."

तिबो तिचा निर्माता. वयानं तिच्या मुलासारखा, घाबरटपणात मात्र तिच्या आजोबांच्या वरताण.

नोल्वेननं साखरेचा खडा कॉफीत बुडवून तोंडात टाकला. "नाही."

"अहो, हे आन्सीच्या अ‍ॅनिमेशन महोत्सवाचं पब्लिक आहे! फिल्म सुरू होण्याआधी कागदी विमानं उडवतं, पडद्यावर ससा दिसला की 'ससा! ससा!' म्हणून बोंबलतं. यांना तुम्ही मिनिटभर गप्प बसवणार? शिट्ट्या मारून हाकलतील आपल्याला. मग पुढच्या फिल्मला दारात कोण उभं करणार?"

"मग घरी बसेन. पण त्या मिनिटाला वाजंत्री लावणार नाही."

बोलली खरी ठसक्यात, पण साखरेचा दुसरा खडा कॉफीत धरून ठेवला, तो पार विरघळला. चाळीस वर्षं ती फ्रान्सच्या किनाऱ्यावर, ब्रेस्तजवळच्या आपल्या गावात खालून उजेड सोडलेल्या काचेवर वाळूची चित्रं करत होती. चित्र जमवायचं, कॅमेऱ्यानं टिपायचं, बोटानं मोडायचं आणि त्याच वाळूतून पुढचं काढायचं. चुकलं तर मागं फिरायची सोयच नाही. एवढ्या वर्षांत लोकांनी एकच विचारलं, 'मोठा सिनेमा कधी काढताय?' जणू छोट्या फिल्म म्हणजे बालवाडी! या फिल्ममधली म्हातारी समुद्रकाठच्या घरातून जन्मभर वाळू झाडत राहते आणि एक दिवस झाडू ठेवून दारात बसते. वाळू आत येते. आवाज फक्त कणांचा. त्या मिनिटावर नोल्वेनचा अख्खा हिवाळा गेला होता, आणि मनासारखं काही जमलं असेल तर ते हेच, असं तिला वाटत होतं.

संध्याकाळी सभागृहात नुसता धुडगूस होता. एक विमान थेट मंचावर उतरलं, तेव्हा पोरांनी सभागृह डोक्यावर घेतलं. तिबोनं कपाळाला हात लावला.

फिल्म सुरू झाली. म्हातारीच्या तणतणीला लोक हसले. मग तिनं झाडू ठेवला आणि संगीत थांबलं. कुणीतरी खोकलं. वरच्या सज्जात कागद चुरचुरला. नोल्वेननं डोळे गच्च मिटले.

"श्शू!" कुणीतरी चिडून दटावलं.

त्यानंतर काहीच नाही. तिनं डोळे उघडले आणि पडद्याऐवजी लोकांकडे पाहिलं. मघाशी बोंबलणारी पोरं पुढे झुकून वाळू ऐकत होती. शेजारच्या मुलीच्या हातातलं विमान अर्धवट घडीत तसंच राहिलं होतं. पडदा काळा झाला तरी कुणी हललं नाही.

"मेलो आपण," तिबो पुटपुटला.

आणि मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की तिला खुर्चीचा हात धरावा लागला. रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या. तिबो खुर्चीवर चढून ओरडला, "ते मिनिट आमचं! म्हणजे, यांचं! मी तर नको म्हणत होतो!"

"उतर खाली, पडशील," नोल्वेन म्हणाली. तिला रडू येत होतं आणि ते लपवायची तिला अजिबात इच्छा नव्हती.

कुणीतरी तिच्या हातात माइक दिला. ती बोलायला उभी राहिली, तसं सगळं सभागृह एकदम चिडीचूप झालं. नोल्वेन हसली आणि एक शब्दही न बोलता ती शांतता मनसोक्त ऐकत राहिली.