फुमीताईंची खुंटी

“मास्तर, ‘हायजिनिक’ म्हणजे काय हो?”

फुमीताईंचा हात लोणच्याच्या मडक्यातल्या, तांदळाच्या आंबवलेल्या कोंड्यात कोपरापर्यंत रुतला होता. हाताने चाचपून त्यांनी एक मुळा वर काढला.

रस्त्याकाठच्या बाजारात परदेशी पाहुण्यांसाठी इंग्रजी पाटी लागली होती, त्यावर तो शब्द होता. नव्या नियमाने विकायचं लोणचं वेगळ्या, परवाना असलेल्या खोलीतच करायचं होतं. आमच्या या जपानी खेड्यातल्या बाकीच्या म्हाताऱ्यांनी मडकी पालथी घातली. एक्क्याऐंशीच्या फुमीताईंनी मात्र वारलेल्या नवऱ्याची सायकलदुरुस्तीची खोली रिकामी करून धुतली, फरशी घातली. आज तपासनीस येणार होता. तो नाही म्हणाला, तर सासूपासून चालत आलेलं लोणचं बाजारातून उठणार होतं.

आयुष्यभर इंग्रजी शिकवूनही अर्थ सांगताना मी अजून चाचरतो.

“आरोग्य राखणारी स्वच्छता, असं म्हणता येईल. म्हणजे... चकचकीत घासलेलं भांडं स्वच्छ खरं; पण कळकट फडक्याने पुसलं, तर हायजिनिक नाही. जागेला, भांड्याला, सवयीला लावतात हा शब्द. माणसाला सहसा नाही.”

“बरं झालं. या वयात आणखी नावं नकोत.”

तपासनीस ओगुशी नातवाच्या वयाचा होता. त्याने जाळ्या, निचरा, नळ, सगळं पाहिलं.

“आजी, हात धुतल्यावर नळ हाताने बंद करायचा नाही.”

“मग कोपर देवाने कशाला दिलंय?” त्यांनी नळाची लांब दांडी कोपराने ढकलून दाखवली.

तो हसला. मग त्याची नजर कोपऱ्यातल्या खुंटीवर गेली. तिथे तेलाचे जुने डाग असलेली कापडी टोपी होती.

“ही कुणाची?”

“ह्यांची. दर आठवड्याला धुते मी.”

“स्वच्छ आहे, आजी. पण...” तो अडखळला. माझ्याकडे पाहू लागला. मी जमिनीकडे पाहिलं. वाटलं, अर्थ जरा सैल सांगितला असता तर?

“पण हायजिनिक नाही,” फुमीताई म्हणाल्या. “मास्तरांनी सकाळीच शिकवलंय.”

त्यांनी टोपी काढली, झटकली नाही. उंबऱ्याबाहेर उभ्या असलेल्या माझ्या हातात दिली.

“धरा जरा.”

परत जाऊन त्यांनी साबणाने हात धुतले, सावकाश, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा. नळ कोपराने बंद केला.

“आता बघा मडकं,” त्या ओगुशीला म्हणाल्या.

मी दोन्ही हातांत टोपी धरून बाहेर उभा राहिलो.