लीनाताईंच्या तोंडून

मोनिकाला राग यायला कारण लागत नाही, असं पुणतांब्यात तिच्या सासरी सगळे म्हणत. कारणं ढीगभर होती. ती विचारायची तसदी कुणी घेतली नव्हती, एवढंच. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. तिला काही विचारायचं तर समोर बसून सावकाश बोलावं लागे, हात हलवावे लागत, आणि तेवढी सवड घरात फक्त नवऱ्याला, गोरक्षनाथला होती, तीही जेवायला बसल्यावर. सासूचे, साळूबाईंचे ओठ मात्र मोनिकानं लग्नानंतर असे पाठ करून टाकले होते की म्हातारी पाठमोरी होत नाही तोवर तिचा एक शब्द वाया जात नसे.

बाळ झालं तेव्हा साळूबाईंनी पहिलं काय विचारलं, तर "त्याला ऐकू येतंय ना?" येत होतं. डॉक्टरांनी तपासून तसं सांगितल्यावर म्हातारीनं हात जोडले, आणि बाळंतपण आटपून मोनिका सासरी आली त्या दिवसापासून बाळ रात्री आजीच्या अंथरुणात जाऊ लागलं. "रडलं तर तुला कसं कळंल गं?" साळूबाई म्हणायच्या. मोनिकाला कळायचं. माहेरी ती बाळाच्या पोटावर हात ठेवून निजत असे. रडण्याआधी बाळ पाय झाडतं, श्वास ओढून धरतं, पोट घट्ट करतं. भोकाड पसरायच्या आत ती उठून बसलेली असे आणि ज्यांना ऐकू येत होतं ते सगळे घोरत असत. पण हे सासरी सांगायचं कुणाला? पाजायच्या वेळी बाळ आणून द्यायचं, पाजून झालं की उचलून न्यायचं. गोठ्यातल्या म्हशीसारखी तिची गत करून ठेवली होती, आणि वर म्हणायचे, सून नशीबवान आहे, पोर सांभाळायला सासू आहे.

म्हणून मे महिन्यात बेलापूरच्या शिबिराचं बोलावणं आलं तेव्हा ती हट्टाला पेटली. हे शिबिर लीनाताईंचं. त्या श्रीरामपूरच्या, पेशानं शिक्षिका; धाकटा भाऊ कर्णबधिर, त्याच्यापायी खुणांची भाषा शिकल्या आणि पुढे त्यातच रमल्या. दर उन्हाळ्यात सुट्टीतली एक शाळा मिळवून त्या आसपासच्या तालुक्यांतली कर्णबधिर मुलं गोळा करत. कित्येक मुलं अशी यायची की घरी त्यांच्याशी बोलायला जेव, झोप आणि गप बस एवढ्याच खुणा. मोनिका स्वतः लहानपणी अशीच आली होती आणि आता दर वर्षी मदतीला जात होती. लीनाताईंनी व्हिडिओ कॉलवर हातांनी सांगितलं, "बाळाला घेऊन ये. कर्णबधिर मुली मोठ्या होतात, आई होतात, हे या पोरींना दुसरं कोण दाखवणार?"

त्या वाक्यासरशी मोनिकाचं ठरलं. गोरक्षनाथनं आईपुढे मान खाली घालून का होईना, पण टेम्पोत बसवून तिला बेलापूरला पोचवलं. साळूबाईंनी निघायच्या आधीच अबोला धरला होता. बहिऱ्या सुनेशी अबोला धरायची कल्पना ही मोनिकाला त्या आठवड्यातली एकमेव गमतीची गोष्ट वाटली.

शिबिरात तिचे हाल कमी झाले नाहीत. पोरींच्या वेण्या घालायच्या, भांडणं सोडवायची, सकाळी खेळ, दुपारी चित्रं, आणि मधल्या मधल्या वेळात पाजायचं, लंगोट धुवायचे. गोष्ट सांगायच्या वेळी बाळ नेमकं भुकेजायचं. मग एका हातात बाळ आणि दुसऱ्या हातानं गोष्ट. वाघाची खूण दोन हातांची असते, तिचा वाघ एका हाताचा व्हायचा, आणि मुलं त्या लंगड्या वाघाला पोट धरधरून हसायची. रात्री बाळ तिच्या कुशीत असायचं. दमून तिची हाडं ठणकत होती, पण राग असा कुठे शिल्लक नव्हता.

मग ती दुपार आली. व्हरांड्याच्या खांबांना साडीची झोळी बांधून मोनिकानं बाळाला निजवलं होतं आणि समोरच नळावर ती एका मुलीचं फुटलेलं ढोपर धूत होती. नजर झोळीवर होतीच. ऐकू न येणाऱ्या आईची नजर कधी सुट्टीवर जात नाही. झोळी हलली. लाल झालेलं तोंड तिला दिसलं. बाळ रडतंय हे तिला पक्कं कळलं, आणि तिनं मनाशी म्हटलं, रड राजा जरासा, हिच्या गुडघ्यातली वाळू निघू दे. तेवढ्यात लीनाताई ऑफिसातून धावत आल्या, बाळाला उचललं, छातीशी धरलं आणि मोनिकाकडे अशा काही दयेनं बघितलं की ओला हात तसाच हवेत राहिला.

"मी बघत होते," मोनिका खुणेनं म्हणाली. "मला माहीत होतं."

"असू दे गं," लीनाताईंचे हात म्हणाले. "तुझा काय दोष त्यात."

म्हणजे विश्वास बसला नाहीच. दुसऱ्या कुठल्याही बाईनं हातातलं काम आटपेपर्यंत पोराला रडू दिलं तर ती कामात असते. मोनिकानं रडू दिलं तर तिला ऐकू आलं नाही. संपलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मुलं भोवती होती म्हणून तिनं मूग गिळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी साळूबाई उभ्या. हातात पिशवी, डोक्यावर पदर आणि तोंडावर, मी म्हटलं नव्हतं का, हे मोठ्या अक्षरांत. फोन लीनाताईंनी केला होता. मोनिकाला न विचारता.

"तुझ्याच सोयीसाठी," लीनाताईंनी समजावलं. "तू मोकळी राहशील. आणि काही झालं तर मी काय उत्तर देऊ? ऐकू येणारं एक माणूस बाळाजवळ हवंच."

"काल काय झालं?"

"काही झालं नाही, देवाची कृपा."

मोनिकाला त्या क्षणी सासूपेक्षा या बाईचा राग आला. सासू निदान खरं बोलत होती. बहिरी म्हणजे बिनकामाची, असं तोंडावर म्हणत होती. ही रोज सकाळी प्रार्थनेनंतर मुलांना सांगायची, तुम्ही सगळं करू शकता. सगळं म्हणजे चित्रं, धावणं, कागदाची फुलं. स्वतःचं मूल सांभाळणं त्यात धरलेलं नव्हतं. तिला वाटलं आत्ताच्या आत्ता बाळ घेऊन निघावं. पण निघून जाणार कुठे, त्याच सासूच्या घरी? आणि पोरी तिचा पदर सोडत नव्हत्या. ती राहिली. साळूबाईंनी ऑफिसातल्या कॉटवर बस्तान मांडलं. पुन्हा तेच सुरू झालं. पाजायला आणायचं, पाजून झालं की न्यायचं.

समारोपाला मंडप घातला होता. गावोगावचे आईबाप आले, पाहुणे आले, शाल-श्रीफळ झालं. पुढे सतरंजीवर मुलं आणि खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत, मांडीवर झोपलेलं बाळ घेऊन, साळूबाई. कार्यक्रमाच्या शेवटी मोनिकाचं भाषण होतं. तिनं हातांनी बोलायचं, लीनाताईंनी शेजारी उभं राहून ते माईकवर सांगायचं. दुभाष्याचा कायदा साधा असतो. समोरची व्यक्ती 'मी' म्हणाली की त्यानंही 'मी'च म्हणायचं, पदरचं काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही. हा कायदा इथल्या सगळ्यांना लीनाताईंनीच शिकवला होता.

मोनिकानं सुरुवात शांतपणे केली. मी या शिबिरात लहानपणी आले, इथेच बोलायला शिकले. लीनाताईंचे ओठ बरोबर चालले होते. मग तिनं पुढचं वाक्य केलं.

"या शिबिरात माझं मूल माझ्याकडून काढून घेतलं."

लीनाताईंचे डोळे क्षणभर तिच्या हातांवर अडकले. मग त्या माईककडे वळल्या, आणि माणसं टाळ्या वाजवू लागली. मागच्या बायका कौतुकानं हसत होत्या. मोनिकानं ओठ वाचले होते. लीनाताई म्हणाल्या होत्या, "या शिबिरात मला बाळासकट सामावून घेतलं."

मूल काढून घेतलं, या वाक्यावर कुणी टाळ्या वाजवत नाही, एवढं कळायला कान लागत नाहीत. मोनिकानं तेच वाक्य पुन्हा केलं, सावकाश, पहिलीतल्या मुलाला शिकवावं तसं. लीनाताई पुन्हा काहीतरी गोड बोलल्या. पुन्हा टाळ्या. पण सतरंजीवरची मुलं टाळ्या वाजवत नव्हती. मोनिकाचे हात त्यांना कळत होते, मागची हसरी तोंडंही दिसत होती, आणि दोन्हींचा मेळ बसत नव्हता. एकेक करत सगळी मुलं माना वळवून लीनाताईंकडे बघू लागली.

मोनिकानं तिसऱ्यांदा तेच वाक्य केलं आणि पुढे जोडलं, "कारण मला ऐकू येत नाही. मी काही चूक केली नव्हती. हे लीनाताईंनी केलं. आता सांगा." आणि हात खाली घेऊन ती उभी राहिली.

लीनाताईंनी मुलांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. माईक धरलेला हात दोनदा वर गेला आणि खाली आला. मग त्या बोलल्या, शब्द न शब्द, आणि मोनिका त्यांच्या ओठांवरची नजर काढायला तयार नव्हती. "हे लीनाताईंनी केलं," असं लीनाताई स्वतःच्या तोंडानं म्हणाल्या. मंडपातले वर उचललेले हात तसेच राहिले. पाहुणे नारळाकडे बघत बसले.

मोनिका खाली उतरली, साळूबाईंसमोर गेली आणि दोन्ही हात पुढे केले. म्हातारीनं बाळ घट्ट धरलं, इकडेतिकडे पाहिलं. सगळा मंडप तिच्याकडेच बघत होता. "घे बाई, घे. लोकांत शोभा नको," तिचे ओठ म्हणाले. "पन रातच्याला मला उठवू नको म्हंजे झालं."

बाळ या हातातून त्या हातात गेलं तशी त्याची झोप मोडली. त्याचं पोट घट्ट झालं, श्वास ओढला गेला आणि त्याचं रडणं मोनिकाच्या छातीवर येऊन थडकलं. तोच पहिल्या रांगेतले पाहुणे उठले. मागच्या बायका उठल्या. कुणी बाळाकडे बोट करत होतं, कुणी गालावरून बोटं ओढून आसवं दाखवत होतं, कुणी स्वतःच्या कानाला हात लावत होतं. आत्ताच जे ऐकलं ते विसरून सगळा मंडप तिला सांगत होता की बाळ रडतंय.

मोनिकानं बाळाला खांद्यावर घेतलं. रागानं तिचे कान तापले होते. ती लीनाताईंकडे वळली आणि मोकळ्या राहिलेल्या एका हातानं बोलली.

लीनाताईंनी माईक तोंडाशी नेला. "मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "रडू दे त्याला थोडं."